कोल्हापूरहून केनियाला: मेडिकल मिशनच्या तयारीचा माझा अनुभव

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, टीमबरोबर मी केनियाला जाऊन आले. किसुमू शहरापासून आत, व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात एक मिशन हॉस्पिटल आहे, तिथं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी आम्ही गेलो होतो. डोळ्यांचे डॉक्टर, त्यांच्या ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) सिस्टर, नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा एक ऑप्टोमेट्रिस्ट, तरुण संघातली दोन मुलं आणि मी. मी फार्मासिस्ट आहे, शाहूपुरीत माझं मेडिकल आहे. औषधं आणि कागदपत्रं माझ्याकडं होती, त्यामुळं मी जे लिहिते आहे ते त्याच बाजूनं. मिरज, सांगली, इचलकरंजीच्या मंडळ्यांतून आता विचारणा होते आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

कमिटीपुढं विषय आला तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ वडिलांनी (मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो) सरळ विचारलं, "मिशनचे डॉक्टर वॉनलेस साहेब 1889 ला आले आणि 1928 पर्यंत राहिले. राहिले म्हणून मिरजेचा दवाखाना उभा राहिला. तुम्ही जाणार आणि येणार. मागं राहणाऱ्या माणसाला तुमचा उपयोग काय, ते सांगा. मग मी हात वर करतो."

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जावा हे मला योग्यच वाटतं. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब 1852 मध्ये इथं आले, तेव्हापासून मिशन म्हणजे काय हे आपण घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं आहे. मिरजेत 1894 मध्ये सुरू झालेल्या हॉस्पिटलात आमच्या कित्येक घरांतल्या मुली नर्सिंग शिकल्या, माझी आत्या त्यातलीच. बाहेरून आलेल्या माणसानं इथल्या माणसाच्या हातात काम दिलं, तेच टिकलं. त्यामुळं आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, ठरवलं की तिकिटांचं नंतर बघू, आधी तिकडच्या हॉस्पिटलला विचारायचं की तुम्हाला आमच्याकडून काय हवं आहे, आणि काय नको आहे.

उत्तर आलं ते आमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. सर्दी-खोकला, ताप, अंगदुखीचं सरसकट शिबिर त्यांना नको होतं. मलेरिया तिथं रोजचा आहे आणि तो त्यांच्या क्लिनिकल ऑफिसरना कोल्हापूरच्या डॉक्टरपेक्षा कितीतरी चांगला कळतो. केनियात डॉक्टर कमी, म्हणून तीन वर्षांचा डिप्लोमा करून तयार झालेले हे क्लिनिकल ऑफिसरच बहुतेक रुग्ण तपासतात. त्यातले काही पुढं डोळ्यांचं शिक्षण घेतात. या हॉस्पिटलात असे एक ऑफिसर होते. तपासणी, चष्मा, ऑपरेशननंतरची देखभाल हे सगळं ते करत. अडत होतं ते सर्जनपाशी, आणि मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी वाढत चालली होती. त्यांनी लिहिलं, सर्जन द्या, लेन्स द्या, आमच्या नर्सना ओटीत बरोबर घ्या. तुम्ही गेल्यावरचं आम्ही बघू. ते पत्र कमिटीत वाचलं, आणि वडिलांनी हात वर केला.

पहिली अडचण पैशाची निघाली. मंडळीत अर्पण जमलं होतं, पण आमच्या सीएंनी थांबवलं. मंडळीची मालमत्ता आणि पैसा धर्मादाय ट्रस्टचा असतो, आणि आयकर कायद्याप्रमाणं ट्रस्टचा खर्च भारतात झाला तरच त्याला सूट मिळते. भारताबाहेर खर्च करायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी लागते. परदेशातून पैसे घेण्याचे नियम बऱ्याच मंडळ्यांना पाठ असतात, पाठवण्याचे नसतात. मग ठरलं की ट्रस्टच्या खात्याला हात लावायचा नाही. जाणाऱ्यानं आपला खर्च आपण करायचा, नाहीतर नातेवाइकांनी त्याला वैयक्तिक मदत करायची. ज्यांना हॉस्पिटलला दान द्यायचं होतं त्यांनी आपापल्या खात्यातून, पॅन कार्ड देऊन, बँकेचा फॉर्म भरून थेट पाठवलं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत व्यक्तीला असं पाठवता येतं. यात वेळ गेला, पण हिशेब स्वच्छ राहिला. दुसऱ्या मंडळ्यांनी इथंच सगळ्यात आधी लक्ष घालावं, असं मी आग्रहानं सांगेन.

परवानग्यांचं काम लांबलचक होतं, पण अवघड नव्हतं. जानेवारी 2024 पासून केनियानं व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवासमंजुरी सुरू केली आहे. तरी प्रवासाची मंजुरी मिळाली म्हणजे रुग्णाला हात लावायची मंजुरी मिळाली असं नाही. परदेशी डॉक्टरला तिथल्या मेडिकल कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो, आणि त्यासाठी आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टरची नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा दाखला, जोडावं लागतं. अर्ज तिकडच्या हॉस्पिटलमार्फत गेला. सिस्टरच्या कागदांचंही त्यांच्यामार्फतच झालं. मी मात्र परवाना मागितलाच नाही. औषधवाटप त्यांच्या फार्मासिस्टनं करायचं आणि मी तिच्या हाताखाली काम करायचं, असं आधीच ठरवून घेतलं. कोणी म्हणतं, सेवेला जातोय, कशाला एवढे कागद? मला हे पटत नाही. कोल्हापुरात परवान्याशिवाय कोणी शिबिर घेऊन डोळ्यांची ऑपरेशन्स केली तर आपण गप्प बसू का?

पिवळ्या तापाच्या लसीसाठी मुंबईला जावं लागलं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो, सकाळी मुंबईत उतरलो. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. लस घेण्याचं बंधन केनियापेक्षा आपल्याच देशाचं जास्त कडक आहे. आपल्याकडं हा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, त्यामुळं केनियाहून परतणाऱ्याकडं पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला, नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढं असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावं. आमच्या टीममध्ये यायला उत्सुक असलेल्या एका काकांना डॉक्टरांनी याच कारणासाठी नको म्हणून सांगितलं. काकांनी मनाला लावून घेतलं नाही. आम्ही परत येईपर्यंत रोज पहाटे प्रार्थनेला बसायची जबाबदारी त्यांनी घेतली आणि ती पाळली.

आता औषधं. बातमी पसरली तशा दुकानात पिशव्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी साठवलेली कंपन्यांची सॅम्पलं, घरात उरलेल्या गोळ्या, मुदत संपत आलेली सिरपं. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण मी त्यातलं काहीही घेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम स्पष्ट आहेत. फुकटची सॅम्पलं चालत नाहीत, रुग्णानं परत केलेलं औषध चालत नाही, पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, आणि लेबलवर औषधाचं मूळ नाव तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत हवं. याच्यामागं साधं कारण आहे. निरनिराळ्या ब्रँडच्या दहा-दहा गोळ्या घेऊन तिथल्या फार्मासिस्टनं करायचं काय? रक्तदाबाच्या माणसाला आठवडाभराची गोळी देऊन आपण विमानात बसलो, तर पुढच्या आठवड्यात त्यानं कुठं जायचं?

नैरोबीत मेड्स नावाची संस्था आहे. तिथल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून ती 1986 मध्ये सुरू केली, आणि मिशन हॉस्पिटलांना दर्जेदार औषधं पुरवणं हेच तिचं काम. आमचं हॉस्पिटल तिथूनच खरेदी करत होतं. सलाइन, अँटिबायोटिक, आयोडीन, डोळ्यांत घालायचे थेंब, जेवढं तिथं मिळतं तेवढं तिथूनच घ्यायचं ठरलं. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे थेंब घालावे लागतात. रुग्णाची बाटली संपली तर तीच बाटली, त्याच नावाची, त्याच खिडकीवर मिळायला हवी.

इथून नेल्या त्या मुख्यतः लेन्स आणि ओटीतलं बारीक सामान. आपले डॉक्टर लहान छेदातून, टाके न घालता मोतीबिंदू काढतात आणि कडक प्लास्टिकची लेन्स बसवतात. महागडं मशीन लागत नाही, पिकलेल्या मोतीबिंदूलाही हीच पद्धत सोयीची पडते, आणि अशा स्वस्त, चांगल्या लेन्स भारतात बनतात. आपण देण्यासारखं खरं काही नेत असू तर ते हे, असं मला वाटतं. सामानाची यादी बॅच नंबर आणि मुदतीसकट आधी पाठवली, आणि आयातीची परवानगी तिकडच्या हॉस्पिटलनं तिथल्या औषध नियामक मंडळाकडून काढली. भुलीच्या इंजेक्शनात घालायचं हायलुरोनिडेज 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. थर्मासच्या पेटीत बर्फाच्या पॅकला कुपी चिकटू दिली नाही, कारण गोठली की ती वाया जाते. पेटी मुंबईपर्यंत माझ्या मांडीवर होती.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि शिक्षा जबर आहे. दुकानात आपण सवयीनं सगळं प्लास्टिकच्या पाऊचात घालतो. तरुण संघातल्या मुलांनी रविवारची उपासना झाल्यावर हॉलमध्ये बसून कागदी पाकिटं केली, महिला मंडळानं कापडी पिशव्या शिवल्या. पाकिटावर अक्षरांबरोबर सूर्य आणि चंद्राची चित्रं छापून घेतली, वाचता न येणाऱ्यालाही सकाळ-संध्याकाळ कळावी म्हणून.

मुंबईहून नैरोबी थेट विमानानं गेलो, तिथून रस्त्यानं नाकुरू, केरिचोचे चहाचे मळे आणि मग किसुमू. किसुमूला रेल्वे 1901 मध्ये पोचली, ती बांधायला हिंदुस्थानातूनच मजूर नेले होते. गुजराती दुकानं अजून दिसतात. जेवायला मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी. आमच्यातल्या कोणालाच ते जड गेलं नाही.

हॉस्पिटलात सकाळ प्रार्थनेनं सुरू होई. इथं आपण मूठभर, तिथं दहातले आठ जण ख्रिस्ती. तरी त्यांचा एक नियम मला फार आवडला. प्रार्थनेला बसणं आणि तपासणीचा नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध ठेवायचा नाही. ज्याला बसायचं तो बसतो, नंबर नोंदवहीप्रमाणंच लागतो. फोटोचंही तसंच, विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला तर विचारायचंही नाही.

शस्त्रक्रियांचं वेळापत्रक आमच्या डॉक्टरांनी असं आखलं की शेवटचे काही दिवस एकही ऑपरेशन नाही. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो, आणि त्या वेळी सर्जन जागेवर असला पाहिजे. इथून फोन आले, "यादीत अजून माणसं आहेत ना, मग हात रिकामे का?" डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं. ज्यांचा रक्तदाब चढलेला होता त्यांनाही त्यांनी थांबवलं. त्या रुग्णांना औषध सुरू करून पुढच्या सर्जनच्या यादीत घातलं.

तिथली सगळ्यात मोठी शिकवण मला पट्टी काढायच्या खोलीत मिळाली. एका आजींचा डोळा छान उघडला, त्यांनी ऑफिसरची बोटं बरोबर मोजली, आणि लगेच विचारलं, मका खुरपायला कधी जाऊ? पावसाळा सुरू झाला होता. आमचे डॉक्टर सांगणार होते, वाकू नका, जड उचलू नका, धूळ लागू देऊ नका. ऑफिसर त्यांच्याच भाषेत बोलले. घरात पाणी कोण आणतं, शेतात अजून कोण आहे, हे विचारलं. मग त्यांच्या गावच्या आरोग्य सेविकेला फोन लावला. आपल्या आशाताईंसारख्या अशा सेविका केनियानं 2023 मध्ये जवळपास एक लाख नेमल्या आहेत. ती सेविका आजींच्या सुनेशी बोलेल, थेंब घातले का ते घरी जाऊन बघेल, आणि ठरलेल्या दिवशी त्यांना तपासणीला पाठवेल, असं तिथंच ठरलं. आमच्यापैकी कोणालाही हे जमलं नसतं. आम्ही मोतीबिंदू काढला. डोळा सांभाळणारी माणसं ती होती.

निघायच्या आधी प्रत्येक रुग्णाचा कागद ऑफिसरच्या नोंदवहीशी ताडून बघितला. कोणती लेन्स, कोणत्या डोळ्यात, कधी बोलवायचं, अडचण आली तर कुठं पाठवायचं. उरलेल्या लेन्स त्यांच्या स्टोअरच्या रजिस्टरला जमा केल्या. सहा आठवड्यांनी सगळ्यांची नजर पुन्हा मोजून त्यांनी यादी पाठवली. जे आले नाहीत त्यांच्या नावापुढं सेविकेचा शेरा होता. ती यादी आम्ही कमिटीत ठेवली. आता त्यांच्या ओटीतली एक नर्स इकडं येऊन आमच्या डॉक्टरांकडं काही काळ काम शिकेल का, अशी त्यांनी विचारणा केली आहे. तिच्या कागदांचं काम मी सुरू केलं आहे.

जाणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यायचं असतं. घरी पोचलो की गोळी विसरते. आमच्या मुलांपैकी एकाला परतल्यावर ताप आला. साधाच निघाला, पण त्याच्या आईनं दवाखान्यात शिरताच सांगितलं की हा आफ्रिकेतून आला आहे, आणि डॉक्टरांनी लगेच मलेरियासाठी रक्त तपासलं. काही महिन्यांपर्यंत ताप आला तरी हे पहिल्यांदा सांगा. तिकडचा मलेरिया आपल्यासाठी थांबत नाही, लवकर बळावतो.