दुष्काळी गावात मदतीची यादी करताना: माझा अनुभव

२०१६च्या उन्हाळ्यात मी एका संस्थेबरोबर बीड जिल्ह्यात काम करत होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आमच्या भागातली जनावरं चारा छावण्यांत होती. रोख मदत द्यायची होती, पण पैसे साऱ्या गावाला पुरणारे नव्हते. म्हणून घरोघर जाऊन फॉर्म भरायचे.

"खायला पुरतं का?" असं विचारून काहीच कळत नाही. दारी आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही, आधी चहा टाकतात. त्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाची पद्धत वापरतात: गेल्या ७ दिवसांत काय काय, किती दिवस खाल्लं ते विचारायचं आणि त्या दिवसांना गुणायचं. भाकरी-भाताला २, डाळीला ३, भाजीला १, दूध-अंडी-मटणाला ४, तेल आणि साखरेला प्रत्येकी अर्धा. बेरीज २१ किंवा कमी आली तर हाल वाईट, ३५पर्यंत काठावर. पण तेल-साखर रोज पोटात जाते तिथे हे आकडे २८ आणि ४२ धरतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. भाकरी, चटणी आणि चहावर आठवडा काढला तरी २१ होतात. त्यात एकदा भाजी झाली की तेच घर काठावर जाऊन बसलं असतं! चहातलं दूध तर दूध म्हणून धरायचंच नाही.

दुसरा भाग तडजोडींचा. उसनं आणलं का, जेवणाची वेळ टाळली का, असे ५ प्रश्न. त्यात सगळ्यात जड, ३ गुणांचा प्रश्न: मुलांना पुरावं म्हणून मोठ्यांनी कमी खाल्लं का? ओट्यावर बसलेले पुरुष "नाही" म्हणत. आत चुलीपाशी विचारलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "मालक तर जेवतेत की, ताई. माझं काय धरता!" तेच धरायचं होतं. त्यानंतर हा प्रश्न आम्ही बायकांनाच विचारू लागलो. शेळ्या विकल्या का, हेही विचारायचं. शेवटची मादी विकली असेल तर ते घर सर्वांत बिकट गटात, कारण पुढचं करडूही गेलं.

यादी ग्रामसभेत वाचली तेव्हा बरीच गरमागरमी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २ रुपयांनी गहू, ३ रुपयांनी तांदूळ मिळू लागला होता. सातबारा नसलेल्या केशरी कार्डवाल्या मजुराला त्यातलं काही नव्हतं. लोकांनी अशी घरं नावानिशी सांगितली. काही दारांना कुलूप होतं म्हणून फॉर्म राहिले होते. ती माणसं जनावरांसोबत छावणीतच मुक्कामाला होती. त्यांचे फॉर्म आम्ही तिथे जाऊन, दावणीशी बसून भरले आणि मगच यादी पक्की केली.