बसून बघायची हिरवळ

हरळीचं नशीब विचित्रच म्हणायचं. शेतकरी तिला उन्हाळ्यात खोल नांगरटीने वर काढतो, मुळ्या वेचतो, बांधावर उन्हात वाळत टाकतो, आणि तरी पहिल्या पावसात ती हसत उठून बसते. तीच हरळी शहरात लॉनचं गवत म्हणून चौरस फुटाच्या भावाने, सतरंजीसारखी गुंडाळून, टेम्पोतून मानाने येते. शेतात कशालाच न जुमानणारी ही बया बंगल्यापुढच्या तीनशे फुटांत मात्र दोन वर्षांत जागोजाग टकली पडते. शेतात तिच्या वाट्याला वैर आलं, इथे माया आली. रोजचं पाणी, मुठीमुठीने युरिया, दर रविवारी अगदी बारीक कटिंग. वैर तिने पिढ्यान्‌पिढ्या पचवलंय. मायेचा सराव नाही.

तिचा चिवटपणा समजून घ्यायचा तर खुर्चीवरून उठावं लागतं. उभ्याने बघितलं की हिरवळ हिरवीच दिसते. उकिडवं बसावं, पानं दोन्ही हातांनी बाजूला सारावीत, मग खरा संसार दिसतो. काही कांड्या जमिनीवरून पळत असतात आणि पेरापेराला मुळं सोडत असतात. पांढऱ्या, टोकदार अशा दुसऱ्या कांड्या जमिनीखालून चाललेल्या असतात. वरच्या कांड्या हिरवळ पसरवतात, खालच्या तिला जगवतात. दुष्काळात वरचं सगळं वाळलं तरी खालचं जिवंत राहतं. म्हणजे हिरवळ राखायची ती खालच्या सहा इंचांत, आणि नेमके तेच सहा इंच कुणी बघत नाही.

बंगल्यापुढच्या जमिनीत पाच-सहा इंचांवर बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो. विटांचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे, कुठे तरी सिमेंटचा घट्ट झालेला गोणीच्या आकाराचा धोंडा. वर लाल माती पसरून गवत लावलं की पहिलं वर्ष झकास जातं. एप्रिलमध्ये मात्र तो धोंडा जिथे आहे, त्याच आकाराचा पिवळा डाग बरोबर वर उमटतो. अशा डागाला खत घालत बसू नये; पहार घालून बघावं.

तेव्हा आधी फूटभर खणावं आणि राडारोडा काढावा. मग मातीचा हिशेब. तीनशे चौरस फूट जागा आणि सहा इंच थर, म्हणजे 150 घनफूट, म्हणजेच दीड ब्रास. त्यात एक ब्रास लाल माती, 25 घनफूट चांगलं कुजलेलं शेणखत आणि 25 घनफूट जाडसर वाळू. खालची माती काळी असेल तर लाल मातीचा नुसता थर वर देऊन भागत नाही. दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही तिथवर जाऊन थबकतात. खालची काळी माती खणून, तिच्यात थोडं वरचं मिश्रण कालवून मगच थर द्यावा. उतार घराकडून बाहेर, दर दहा फुटांना एक ते दीड इंच. हा डोळ्यांनी काढायचा नाही. गवंड्याची पाणसळ आणावी. डोळ्यांना सपाट वाटलेल्या जागी जुलैत डबकं साचतं, ऑगस्टमध्ये त्यावर शेवाळ धरतं आणि मग लोक शेवाळावर औषध शोधत फिरतात.

कोणतं गवत लावायचं, हा प्रश्न खरं तर उन्हाचा असतो. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. नर्सरीत ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारं दाट, बारीक पानांचं गवत थोड्या कमी उन्हात निभावतं. सावकाश वाढतं, म्हणून कटिंग कमी लागतं, पण टक्कल पडलं तर भरून यायलाही तितकाच वेळ घेतं. आंब्याच्या दाट सावलीत या दोघांपैकी कुणीही टिकत नाही. तिथे शहाबादी फरश्या टाकून दोन बाकं ठेवावीत. परदेशी गवताच्या बियांच्या पाकिटांवरची चित्रं फार देखणी असतात. पण विम्बल्डनचं राय गवत थंड हवेचं आहे. आपल्याकडे ते हिवाळ्यात उगवतं आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात राम म्हणतं.

तयार चापडे, म्हणजे मातीसकट कापलेले गवताचे तुकडे, लावले की संध्याकाळीच लॉन तयार. घाई नसेल तर जूनमध्ये हरळीच्या कांड्या तीन-चार इंचांवर टोकून लावाव्यात. याहून मजेशीर रीत म्हणजे कांड्यांचे दोन-तीन इंचांचे तुकडे करायचे, शेण, माती आणि पाण्याच्या सरबरीत काल्यात कालवायचे आणि ओल्या जमिनीवर इंचभर जाड सारवून टाकायचे. वरून पेंढ्याचं पातळ पांघरूण. अंगण सारवणाऱ्या हातांना यात नवीन शिकण्यासारखं काही नाही.

पण लावणीआधी तीन आठवडे थांबायचं असतं, आणि तेवढंच कुणाला जमत नाही. माती तयार करावी, पाणी द्यावं आणि काहीच लावू नये. मातीबरोबर आलेलं सगळं तण उगवून येतं आणि त्यात लव्हाळा हमखास असतो. दिसायला तो गवताचा चुलतभाऊ, पण दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. गवताची कांडी गोल किंवा चपटी असते, तिकोनी कधीच नसते. लव्हाळा उपटला की पाती अलगद हातात येते आणि उपटणाऱ्याला काम झाल्याचं समाधान मिळतं. खाली मात्र दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठी तशाच राहतात. वरची पाती गेली की झोपलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. एकाचे चार होतात ते असे. म्हणून खुरप्याने वीतभर खाली जाऊन, दोऱ्यासकट गाठी काढायच्या आणि त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायच्या नाहीत. तिथे त्यांचं बाळंतपण होतं. लावून झालेल्या हिरवळीत खणता येत नाही, तिथे दर आठवड्याला न चुकता पाती काढत राहावं. गाठीतला साठा संपेपर्यंत हा पाठशिवणीचा खेळ दोन पावसाळे चालू शकतो. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक वापरतात, पण अंगणात वापरायचंच तर कृषी सेवा केंद्रात विचारून, लेबल वाचून. ग्लायफोसेट या तणनाशकाला मात्र लव्हाळा आणि हरळी यांतला फरक कळत नाही.

आता कटिंग. गवत कापायचं यंत्र 1830 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंग यांनी काढलं, आणि त्यांना ते सुचलं कापड गिरणीत. लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरायला फिरत्या पात्यांचा रूळ असे. तोच त्यांनी जमिनीवर आणला. ढकलायच्या मशीनमध्ये आजही तेच आहे. फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं मिळून कात्रीसारखं कापतात. दोन्हींमधलं अंतर बरोबर आहे का, हे बघायला वर्तमानपत्राची पट्टी पुरे. ती मध्ये धरून रूळ हाताने सावकाश फिरवावा, बोटं लांब ठेवून. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ कापली गेली पाहिजे. कुठे चुरगळली तर तिथे गवतही चुरगळणार. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं; दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके पडतात आणि अख्खी हिरवळ धूळ बसल्यासारखी दिसते. याला पाणी कमी पडलं असं समजून लोक पाइप लावतात. लावायची असते कानस.

उंचीचा नियम सोपा आहे: एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. दीड इंच ठेवायची असेल तर सव्वादोन इंच झाली की मशीन काढावं. पावसाळ्यात ही वेळ सात-आठ दिवसांनी येते, थंडीत वीस-पंचवीस दिवसांनीही येत नाही. ‘रविवार म्हणून कटिंग’ ही पद्धत म्हणूनच चुकीची. वार बघू नये, उंची बघावी. लांबच्या गावाहून परत आल्यावर चार इंच वाढलेली हरळी एका दमात इंचावर आणली की खालच्या तपकिरी काड्या उघड्या पडतात, कारण हरळीची हिरवी पानं शेंड्याकडे असतात. तेवढ्या काड्यांवर अन्न तयार होत नाही. गवत मुळांतला साठा खर्चून नवी पानं काढतं आणि मुळं आखडतात. बारीक कापली की कटिंगच्या दोन खेपा वाचतात, हा हिशेब त्यामुळे उलटाच बसतो.

पाण्याबाबत माया सगळ्यात जास्त. संध्याकाळी चहा झाल्यावर पाइप हातात धरून दहा मिनिटं उभं राहणं हा माणसाच्या मनासाठी उत्तम उपाय आहे, गवतासाठी नाही. तीनशे चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे 700 लिटर. आपल्या पाइपाचा वेग बादलीने मोजावा. दहा लिटरची बादली 40 सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला 15 लिटर, दहा मिनिटांत 150. एवढं पाणी वरचे दोन-तीन इंच ओले करतं आणि उन्हाने उडून जातं. पाणी वर, म्हणून मुळंही वर. मे महिन्यात एक दिवस नळ गेला की अशी हिरवळ लगेच मान टाकते.

लावणीनंतरचे दोन-तीन आठवडे रोज हलकं पाणी हवंच. त्यानंतर उन्हाळ्यात आठवड्याला इंच-दीड इंच, ते दोनदा विभागून, पहाटे. स्प्रिंकलर असेल तर श्रीखंडाचे चार-पाच रिकामे डबे जागोजाग ठेवावेत. अर्ध्या तासाने पट्टी बुडवली की कुठे किती पडलं ते कळतं, आणि एका डब्यात इंच तर दुसऱ्यात पाव इंच असं हमखास निघतं. पाणी दिल्यावर तासाभराने सहा इंची स्क्रू ड्रायव्हर टोचून बघावा. चार-पाच इंच सहज गेला पाहिजे. अडला तर पाणी खाली पोचलेलं नाही किंवा माती चालून-चालून दबली आहे. दबलेल्या जागी बागेच्या दातेरी काट्याने चार-सहा इंचांवर भोकं पाडून त्यांत वाळू झाडूने सारावी. पुन्हा पाणी कधी? चालून गेल्यावर मागे पावलांचे ठसे उठून राहिले आणि रंग निळसर-राखाडी वाटला की. संध्याकाळच्या पाण्याने पानं रात्रभर ओली राहतात. त्यातच खत जास्त झालेलं असेल तर पावसाळ्यात बुरशीचे तपकिरी गोल डाग पडतात.

पिवळी पडली की युरिया, हे सूत्रही तपासून घ्यावं. इथेही बसायचंच. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्र कमी. चौरस मीटरला 5 ग्रॅम युरिया, म्हणजे तीनशे फुटांना साधारण 140 ग्रॅम. वजनकाट्यावर मोजून, कोरड्या पानांवर सारखा फेकून, लगेच पाणी. मूठ सैल सुटली तिथे चट्टा जळतो, कारण साचलेलं खत पानामुळांतलं पाणी ओढून घेतं. कुत्र्याने धार सोडलेल्या जागी मधे जळका ठिपका आणि भोवती गर्द हिरवं कडं दिसतं, तेही हेच: मधे नत्र जास्त, कडेला बेताचं. पण नवी, वरची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर नत्राचा काही संबंध नाही. पठारावरच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. तिथे हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला 5 ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारावा. आणि कडेच्या फरशीवर आधी प्लास्टिक अंथरावं, नाहीतर गवत हिरवं होतं आणि फरशी कायमची तांबूस.

वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेर किंवा जूनच्या तोंडावर, चाळलेली माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत पाव इंच पसरून झाडूने आत सारावं. तीनशे फुटांना सहा-सात घनफूट पुरतं. खळगा खोल असेल तरी एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त भरू नये, पानं गुदमरतात. शेणखत कच्चं असेल तर तणाच्या बियांबरोबर हुमणी ही मुळं खाणारी अळीही घरी येते. एरवीही पहिल्या वळवानंतर कडुनिंबावर, बाभळीवर संध्याकाळी हुमणीचे भुंगे जमू लागले की समजावं, पाहुणे आले. त्यांच्या अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत मुळं खातात. साळुंक्या एकाच जागी टोचत असतील तर तिथलं गवत धरून उचलावं. सतरंजीसारखं सुटून आलं आणि खाली पांढऱ्या, इंग्रजी सी आकाराच्या अळ्या दिसल्या तर शंका उरत नाही. वेचून काढाव्यात; अळ्यांना मारणारी मेटारायझियम ही बुरशी ओल्या मातीत, अळ्या लहान असतानाच उपयोगी पडते.

हे सगळं निगुतीने करणाऱ्या घरातही भाद्रपदात बाजारातून दूर्वांच्या जुड्या विकत आणतात, याचं मात्र नवल वाटतं. अंगणात हरळीच तर आहे! फक्त सतत कापलेल्या हिरवळीला पूजेची कोवळी, तीन दलांची दूर्वा येत नाही. चतुर्थीआधी तीन आठवडे, कुंपणालगतचा दोन फुटांचा पट्टा मशीनखालून सोडून द्यावा, त्यावर फवारणी करू नये आणि कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नये. एकवीस दूर्वा खुडायला तेवढी जागा भरपूर होते. विसर्जन झाल्यावर तो पट्टा एकदम बाकीच्या बरोबरीला आणायचा नाही. दर तीन-चार दिवसांनी एक तृतीयांश, असा दोन-तीन खेपांत उतरवायचा.