मीडिया की समाजशास्त्र? बेळगावातून एमए निवडताना

बीएच्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे विषयांची नुसती नावं साठली होती. जर्नालिझम, मास कम्युनिकेशन, मीडिया अँड कल्चरल स्टडीज, समाजशास्त्र, समाजकार्याचं एमएसडब्ल्यू. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बीए झालेल्या मुलीपुढे दोनच वाटा असतात, बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षा. "पेपरात काम करायला कॉलेज शिकायला लागतंय व्हय?" आप्पांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली 'तरुण भारत' सुरू केला, तेव्हापासून बेळगावला मराठी पत्रकारितेची मोठी परंपरा आहे, आणि आमच्या माहितीतले बातमीदार सगळे कामावरच तयार झालेले.

त्यात आमची २०२१ ची बॅच. कर्नाटकात त्याच वर्षी नवं शैक्षणिक धोरण लागू झालं होतं. तीन वर्षांनी बीए घेऊन बाहेर पडायचं आणि दोन वर्षांचं एमए करायचं, की चौथं ऑनर्सचं वर्ष करून एक वर्षाचं एमए शोधायचं, हा घोळ वर्गात सगळ्यांचाच होता. मला हव्या त्या विषयात एक वर्षाचं एमए कुठे दिसेना, म्हणून मी तीन वर्षांवर थांबले.

खरा उलगडा झाला तो अभ्यासक्रम हातात घेतल्यावर. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून सिलॅबस उतरवून घेतले, टिळकवाडीत झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्या आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसले. बातमी लिहिणं, संपादन, कॅमेरा, जाहिरात, जनसंपर्क असे हाताला काम शिकवणारे पेपर निळ्या रंगात. सिद्धान्त, संशोधन पद्धती, वाचक-प्रेक्षकांचा अभ्यास, माध्यमांची मालकी आणि अर्थकारण हे हिरव्या रंगात. पत्रकारितेच्या बहुतेक प्रिंट निळ्या झाल्या. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचा मीडिया अँड कल्चरल स्टडीज दोन्ही रंगांत निघाला, कारण तिथे माहितीपट करायलाही शिकवतात आणि त्यामागचा विचारही. समाजशास्त्र जवळजवळ सगळं हिरवं.

मग मला कुठला रंग हवा, हे ठरवायचं होतं. आमच्या गावच्या वाचनालयात मराठी आणि कन्नड दोन्ही पेपर येतात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाच्या आगेमागे ते शेजारी शेजारी ठेवून बघा. एकात राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्यात महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. गाव तेच, दिवस तोच. माझी मावशी बैलहोंगलला दिलेली, तिच्या घरी कन्नड पेपर येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, महाराष्ट्रात जाणाऱ्या बस बंद झाल्या, तेव्हा आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक बोललं जात होतं आणि मावशीकडच्या ग्रुपवर दुसरंच. दोन्हीकडची माणसं मनापासून खरं मानत होती. हे कसं घडतं, लोक बातमीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवतात, हे मला शिकायचं होतं. बुलेटिन वाचायला शिकून ते कळलं नसतं.

समाजशास्त्रात माध्यमांवर काम करू देतील का, ही शंका होती. महाराष्ट्रात २०२३ पासून एमएची जी नवी रचना आली तिने ती फिटली. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रकार्य, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. म्हणजे प्रकल्पाचा विषय माझा मी मांडू शकत होते.

यानंतर भाषा. आमच्या भागात हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. धारवाड आम्हाला जवळ, तिथल्या कर्नाटक विद्यापीठात पत्रकारितेचा जुना विभाग आहे. पण पेपर कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत लिहायचा. मला कन्नड बोलता येतं, बाजारहाट होतो, तीन तासांचा पेपर लिहिण्याइतकं येत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राची उत्तरं मराठीत लिहिता येतात. मुंबई आणि हैदराबादसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दिली होती. २०२४ ला तिला ७५ प्रश्न आणि १०५ मिनिटं होती, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. गुण बरे पडले, पण राहण्या-जेवणाचा खर्च मांडल्यावर आप्पा गप्प बसले आणि मीच तो पर्याय बाजूला ठेवला.

आमच्या कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या सरांनी एक गोष्ट बजावली होती. "मराठीत लिही, पण वाचन इंग्रजीत ठेव. नेटचा पेपर तुला मराठीत मिळणार नाही." ते खरंच आहे. समाजशास्त्राची नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, इंग्रजीत किंवा हिंदीत असते. त्यामुळे मी अजूनही मूळ लेख इंग्रजीत वाचते आणि टिपणं मराठीत काढते. वेळ जास्त जातो, पण वाचलेलं पक्कं होतं.

कोल्हापूर ठरलं आणि कागदपत्रांचं सुरू झालं. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी तिकडे सवलती आहेत, पण त्या मिळवायला आपण त्या गावचे आणि मराठी भाषक आहोत हे दाखवावं लागतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात मराठीच होतं, मात्र कन्नड लिपीत, निळ्या शाईने लिहिलेलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि परत दिला, "भाषांतर करून आणा." शेताचा उतारा कन्नडमध्ये, रहिवासी दाखलाही कन्नडमध्ये. हक्क मराठी असण्याचा आणि पुरावा सगळा कन्नडमधला. सीमाभागातल्या मुलांची ही अडचण पिढ्यान्‌पिढ्याची आहे आणि तरीही प्रत्येकाला ती एकट्याने सोडवावी लागते, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून यंदा जाणाऱ्यांनी शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधीच दाखले गोळा करा, भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या. निकाल लागला की त्याच आठवड्यात मायग्रेशनचा, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या दाखल्याचा अर्ज टाका, कारण दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाला पात्रतेसाठी ते लागतंच. आणि जिथे जायचं त्या विभागात आधी एकदा जाऊन या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांचे प्रकल्पाचे विषय विचारा. मला तिथल्या एका ताईने ग्रामपंचायतीतल्या महिला सदस्यांवरचा आपला प्रकल्प उघडून दाखवला होता, मुलाखतींच्या प्रश्नावलीसकट. अर्ज मी त्याच दिवशी भरला.