पाच खणांचे घर

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औसा तालुक्यात दगडमातीचे घर पाडले असे सांगितले, तर त्याचे कारण कोणी विचारत नाही. ते दुरुस्त करून राहण्याजोगे करणार आहोत असे सांगितले, की मात्र समोरचा माणूस बोलायचा थांबतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्यात सुमारे 10 हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून उशिरा घरी आलेली माणसे गाढ झोपेत होती, आणि ज्या भिंतींनी त्यांना जन्मभर उन्हापासून राखले त्याच भिंतींखाली ती सापडली. आमचे गाव किल्लारीपासून तीसेक किलोमीटरवर आहे. आमच्या घरात कोणाला इजा झाली नाही. परंतु मागची भिंत बाहेरच्या अंगाने ढासळली आणि त्या पहाटेपासून आई त्या घरात झोपली नाही. अंगणात पत्र्याची एक खोली उभी राहिली आणि पुढची तीस वर्षे आमचा संसार तिच्यातच झाला. जुने घर कडबा, जळण आणि सोयाबीनची पोती ठेवण्यापुरते उरले.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या सकाळची एक गोष्ट माझ्या मनात पक्की राहिली आहे, आणि पुढे घर दुरुस्त करण्याचा निर्णय मी घेतला तो तिच्यामुळेच. मागची भिंत पडली होती, दगडांचा ढीग परसात पसरला होता, पण छत जागच्या जागी होते. ते भिंतीवर नव्हतेच. ते खांबांवर होते.

ज्यांनी मराठवाड्यातले जुने घर आतून पाहिले नसेल, त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगतो. आमच्याकडे घर चौरस फुटांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, त्यावर तुळई, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर दाटीने लावलेले किलचण, म्हणजे लाकडाचे लहान तुकडे, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, रचना असते. आमचे घर पाच खणांचे. पुढे ओसरी, मध्ये माजघर, एका बाजूला स्वयंपाकघर आणि भिंतीच्या पोटात धान्याचे बळद. मोठ्या वाड्यांना ढाळज, म्हणजे दारातली बैठकीची जागा, असते, चौक असतो. आमच्याकडे तेवढा ऐवज कधी नव्हता. खांब साधे कडुनिंबाचे आणि बाभळीचे आहेत, सागवान फक्त पुढच्या दाराला. तरीही पणजोबांच्या काळातल्या सुताराने ती चौकट इतकी नेटकी जुळवली होती, की भिंत गेल्यावरही तिने छत सोडले नाही. त्या भूकंपात ज्या घरांचे माळवद अशा खांबांवर होते त्यांतली बरीच घरे आतल्या माणसांसह वाचली, आणि जिथे खांब न घालता छताचा भार थेट भिंतींवर टाकला होता तिथे भिंतीबरोबर सगळेच खाली आले. म्हणून ‘जुनी घरे माणसे मारतात’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. जुन्या घरात काय चुकले आणि काय बरोबर होते, हे वेगवेगळे करून पाहावे लागते.

आधी जे चुकले ते. आमच्या भिंती अडीच फूट जाड आहेत, आणि इतकी जाड भिंत मजबूतच असणार असे सगळ्यांना वाटत असे. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन असतात. बाहेरून तोंड घडवलेल्या काळ्या दगडांचा एक पदर, आतून तसाच दुसरा पदर आणि मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा व मातीचा गारा. दोन्ही पदरांना एकमेकांशी धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड अधूनमधून बसवला पाहिजे. पण असा दगड महाग पडतो, त्याला मेहनत लागते, म्हणून तो गाळला गेला. मग वर्षानुवर्षे पावसाचे पाणी मुरते, मधली माती खाली बसते आणि बाहेरच्या पदराला पोट येते. अशा भिंतीला हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात आणि विरुद्ध दिशांना पडतात. आमची मागची भिंत अशीच गेली होती.

दुसरी चूक डोक्यावर होती. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, त्यावर नवी माती टाकण्याची पद्धत आहे. जुनी काढून नवी टाकावी हे शहाणपण मागे पडले, आणि थरावर थर चढत गेले. आम्ही छत उघडले तेव्हा मातीची जाडी दोन फूट भरली. साधारण चारशे चौरस फुटांच्या छतावर दोन फूट माती म्हणजे माझ्या हिशेबाने पस्तीस टनांच्या आसपास ओझे होते. त्या चौकटीने इतकी वर्षे ते तोलून धरले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

सल्ला घेण्यासाठी मी प्रथम ज्या अभियंत्यांकडे गेलो, त्यांनी घर न पाहताच ते पाडून स्लॅब टाकायला सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते ऐकून मी परतलो तो अधिकच अस्वस्थ होऊन. नंतर शेजारच्या गावातले एक वयस्क गवंडी भेटले. भूकंपानंतर सरकारने पुनर्वसनाबरोबर घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा जो कार्यक्रम राबवला होता, त्यात त्यांनी तरुणपणी काम शिकून घेतले होते. त्यांनी हातातल्या लहान हातोडीने भिंत ठिकठिकाणी वाजवून पाहिली, जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने खूण केली आणि म्हणाले, ‘‘चौकट चांगली हाय. भिंतीला टाके घालावे लागतील.’’

टाके हा शब्द अगदी नेमका आहे. भिंतीतला एक दगड पहार न मारता हलक्या हाताने सोडवायचा, आतली माती व चिपा काढत दुसऱ्या बाजूच्या दगडापर्यंत पोचायचे आणि तोही काढायचा. दोन्ही तोंडांशी रुंद व मध्ये अरुंद असे आरपार छिद्र तयार झाले, की दोन्ही टोकांना आकडे वळवलेली आठ मिलिमीटरची सळई त्यात ठेवून काँक्रीट भरायचे आणि दहा दिवस पाणी मारायचे. आडव्या दिशेने साधारण चार फुटांवर आणि उभ्या दिशेने दोन फुटांवर एक, असे टाके आम्ही, पुन्हा उभ्या केलेल्या मागच्या भिंतीसह, सगळ्या भिंतींना घातले. दिवसाला सहा-सात टाके होत. घाई केली तर शेजारचे दगड सुटतात, म्हणून ते गवंडी एका वेळी एकाच भागात काम करू देत नसत. छताच्या खाली, भिंतीच्या दोन्ही अंगांना वेल्डमेशची जाळी लावून पट्टा फिरवला आणि आतला व बाहेरचा पट्टा सळयांनी जोडला, त्यामुळे चारही भिंती आता एकत्र बांधल्या गेल्या आहेत. खांब आणि तुळई यांच्या कोनात सुताराने तिरके टेकू बसवले. वाळवीने खालून खाल्लेले दोन खांब कमरेपर्यंत कापून त्यांना नव्या लाकडाचा सांधा दिला.

छताची सगळी माती उतरवली. बायका-पुरुष मिळून आठ माणसे पाच दिवस घमेली खाली देत होती. किलचणांपैकी निम्मे बदलावे लागले. त्यावर कडुनिंबाचा पाला, मग थोडी माती, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि वर पुन्हा चोपून बसवलेली पांढरी माती, असे सगळे मिळून आठ इंच. ओझे तिसऱ्या हिश्श्यावर आले. आमच्याकडे शेतीच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून ती छतावर कधीच चालत नाही. पांढरी दाट बसते आणि पाणी वरून वाहून जाऊ देते. पाणी जाण्यासाठी पन्हाळी पूर्वी दोन होत्या, आता चार केल्या. इतकी कमी माती घातल्यामुळे घर तापेल अशी मला भीती होती. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी उभे राहवत नसताना माजघरात पंख्याविना बसता येते, हे पाहून ती गेली.

सिमेंटचा गिलावा मी कुठेही करू दिला नाही. मातीच्या जोडाची भिंत श्वास घेते. बाहेरून सिमेंट लावले की आतली ओल कोंडते आणि मातीचा भुगा होतो. बाहेरून फक्त चुन्याने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या आहेत. आतून माती, गव्हाचे भुसकट आणि शेण यांचा चार दिवस मुरवलेला गारा थापून वर पोतेरा, म्हणजे पातळ मातीचा हात, घेतला. संडास-न्हाणी मागच्या बाजूला, घराच्या भिंतींना न चिकटवता वेगळी बांधली. नळाची ओल जुन्या भिंतीत जाऊ नये एवढाच त्यामागे विचार होता. बळदात आता पुस्तके आहेत. माळवदातले जुने साणे, म्हणजे उजेडासाठी ठेवलेले भोक, बुजवले होते ते पुन्हा उघडून त्यावर जाड काच बसवली, आणि स्वयंपाकघरात सकाळी नऊच्या सुमारास उन्हाचा एक चौकोन चुलीच्या जागेवर येऊन पडतो. लहानपणी त्या चौकोनावरून आजी वेळ सांगत असे.

भूकंपाआधी हा भाग धोक्याच्या नकाशात सर्वांत खालच्या, पहिल्या विभागात होता. 2002 मध्ये नकाशा बदलला तेव्हा तो तिसऱ्यात आला. त्यामुळे पुन्हा काही होणार नाही असे मी आईला सांगू शकत नव्हतो, आणि तसे खोटे सांगणे मला पटतही नव्हते. मी तिला फक्त काम दाखवत गेलो. ती रोज अंगणातून पाहत असे. आतल्या भिंतींना गारा थापायची वेळ आली तेव्हा ती पहिल्यांदा माजघरात आली आणि टाक्यांची तोंडे झाकू नका, असे तिने गवंड्यांना सांगितले. म्हणून आमच्या माजघराच्या भिंतींवर ती काँक्रीटची तोंडे उघडी आहेत, ओळीने, भाकरीएवढी. आई अजून रात्री ओसरीवरच झोपते, दार उघडे ठेवून. दुपारी मात्र ती आत येते, खांबाला टेकून ज्वारी निवडते आणि मान वर करून एकदा ती तोंडे मोजते. मागच्या भिंतीला एकोणीस आहेत.