मुहूर्त ९ वाजून ५२ मिनिटांचा

पत्रिकेवर छापलेला तो बावन्नाचा आकडा वऱ्हाडाला कधीच बोचत नाही. वऱ्हाड दहाला येतं, अक्षता संपल्या म्हटल्यावर आहेराचं पाकीट चाचपतं आणि पहिल्या पंगतीकडे डोळे लावतं. बोचतो तो नवरीच्या खोलीत. भाचीच्या लग्नात ती खोली माझ्याकडे होती. जेवणाचं भावोजींनी घेतलं, मानपानाचं ताईने, आणि 'मावशीला हौस आहे' असं म्हणून नवरीची सकाळ माझ्या गळ्यात पडली.

नवरीचं वेळापत्रक उलटं लिहावं लागतं. ९.५२ला अक्षता, म्हणजे साडेनऊच्या सुमारास मंगलाष्टकं, म्हणजे नऊला ही गौरीहरापुढे बसलेली हवी, मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून. त्याआधी सातला पुण्याहवाचन. तिथेही ती आईबाबांशेजारी बसणार आणि फोटोग्राफर समोर गुडघे टेकून असणार. म्हणजे केस आणि चेहरा पावणेसातला हातावेगळे. मेकअपवाली मुलगी म्हणाली, "काकू, दोन्हीला मिळून दोन तास धरा." पावणेपाच. सामान मांडायला, दिवा लावायला पाव तास. साडेचार. आंघोळ आणि चहा धरून गजर चारचा. कागदाच्या तळाशी 'पहाटे ४' लिहिलं तेव्हा मलाच जांभई आली.

पूर्वी लग्नघरात घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. घटका 'भरते' असं आपण म्हणतो ते या वाटीमुळे. त्या हिशेबाने दोन तास म्हणजे पाच घटका. आजीच्या काळात केसांना तेल, एक अंबाडा, कपाळाला कुंकू आणि तोंडावरून पदर फिरवला की काम झालं, अर्ध्या वाटीत. अर्थात तिचे फोटोही चारच आहेत आणि चारांत ती खालीच बघतेय.

दोन तासांतले सव्वा तास केसच खातात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं वेळ चेहऱ्याला लागतो. भाचीला खोपा हवा होता आणि तिचे केस खांद्यापर्यंत, मऊ, निसरडे. आदल्या दिवशी दुपारी हळद झाली तेव्हाच मी तिचे केस धुऊन घेतले. लग्नाच्या सकाळी धुतलेले केस आकडे धरत नाहीत, तासाभरात खोपा मानेवर उतरतो. मग गंगावन, त्याखाली जाळीची चकती, मुठीने आकडे. एका ठिकाणी मात्र त्या मुलीने हात थांबवला आणि विचारलं, "मुंडावळ्यांची गाठ कुठे येणार?" मी थक्क झाले. इतकी लग्नं पाहिली, पण मुंडावळ्या भुवयांवर का घसरतात याचा विचार कधी केला नव्हता. गाठीला सपाट जागा लागते. ती जागा ठेवली नाही तर अंतरपाटामागे नवरी एका हाताने हार आणि दुसऱ्याने मुंडावळ्या सांभाळत उभी.

गजऱ्यांची काळजी नव्हती. वैशाखातलं लग्न, मोगरा भरपूर. आदल्या संध्याकाळी घट्ट कळ्यांचे गजरे आणून ओल्या पंचात गुंडाळून ठेवले. सकाळी ते अर्धे उमलले होते आणि खोलीत मेकअपच्या स्प्रेपेक्षा त्यांचाच वास होता.

एक गोष्ट मी ठणकावून सांगितली होती: केसांना बसताना गळ्यातून काढायचा टी-शर्ट घालायचा नाही. आमच्या एका चुलतबहिणीच्या लग्नात पूर्ण केशरचना झाल्यावर हे लक्षात आलं आणि शेवटी शर्ट कात्रीने उभा कापावा लागला. भाचीने शोधाशोध करून बाबांचा जुना बुशशर्ट घातला. चौकड्यांचा, कॉलर विरलेली, आणि वर तो देवळाच्या कळसासारखा खोपा. दिवसभरातला मला सगळ्यात आवडलेला फोटो तोच. तो अल्बमात नाही.

चेहऱ्याचं काम पाऊण तासात आटोपलं. हळदीने कातडीवर पिवळी झाक राहते, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी 'ट्रायल'ला ठरवलेली छटा जुळेना. मुलीने मनगटावर दोन बाटल्या मिसळून वेगळी काढली. भाची सवयीने सनस्क्रीन लावायला निघाली तेव्हा तिने ट्यूबच काढून घेतली. त्यात झिंक ऑक्साइड असतं, फ्लॅश पडला की चेहरा पिठात घोळल्यासारखा पांढरा येतो. आणि पहाटे पाचला कसलं आलंय ऊन! नथ दाबाची होती, कारण भाचीचं नाक टोचलेलं नाही. नथीच्या जागी तिने बोटभरही मेकअप लावला नाही. तेलकट जागेवर नथ टिकत नाही, शिंक आली की वाटीत पडते.

एवढं सगळं कागदाप्रमाणे चाललं होतं. वेळ खाल्ला तो दाराने. कार्यालयात नवरीची खोली एक, पूर्ण उंचीचा आरसा एक, आणि बोर्डावर चालणारी सॉकेट दोन. "जरा माझा अंबाडा घालून देतेस का गं, दोनच मिनिटं," अशा तीन काकू आल्या. दोन करवल्या केस कुरळे करायच्या रांगेत. कुणीतरी इस्त्री लावली आणि खोलीतली वीज गेली. मोबाइलच्या बॅटरीवर डाव्या डोळ्याचं काजळ झालं. उजव्याचं व्हायच्या आत कार्यालयाच्या माणसाने बटण वर केलं म्हणून बरं. त्यानंतर मी दारात खुर्ची टाकून बसले आणि नात्यांचा विचार सोडून दिला. काही जणी अजून माझ्याशी तुटक बोलतात.

खरी परीक्षा पुढची होती. पुण्याहवाचन आटोपून गुरुजींनी सव्वाआठला सोडायचं कबूल केलं होतं, सोडलं आठ-बत्तीसला. आता अठ्ठावीस मिनिटांत सहावारी उतरवून नऊवारी, वर तन्मणी, चिंचपेटी, वाक्या, हिरव्या चुड्यावर पाटल्या. म्हणूनच मी अष्टपुत्री आधीच शिवून घेतली होती. पायजम्यासारखी चढवायची, हूक लावायचे, ओचा बसवायचा. "मामाने दिलेल्या वस्त्राला कात्री लावलीस?" आत्याबाईंनी विचारलंच. लावली. काष्टा चापूनचोपून नेसवण्यात सौंदर्य आहे हे मला मान्य आहे, पण ते नेसवणारी माणसं आता घरात उरली नाहीत, आणि उरली होती ती अंबाड्याच्या रांगेत उभी होती.

आठ-पंचावन्नला नवरी तयार. मी कागदावर शेवटची खूण केली आणि मामाला शोधायला बाहेर पडले, तर मांडवात वेगळाच गोंधळ. फेटेवाला पन्नास वऱ्हाड्यांना फेटे बांधत होता, उत्साहात नवरदेवाचं कापडही कुणाच्या तरी मेहुण्याच्या डोक्यावर गेलं होतं, आणि ते कोणत्या डोक्यावर आहे याचा शोध चालू होता. मुलाकडच्यांच्या वेळापत्रकात नवरदेवाला दहा मिनिटं दिली होती म्हणे.

मी परत आले. भाची गौरीहरापुढे पाटावर, मांडीवर हात, सगळे दागिने जागच्या जागी. अन्नपूर्णेवर अक्षता वाहत होती. माझ्याकडे न वळता, नथ हलू नये म्हणून ओठ न हलवता म्हणाली,

"मावशी, मी कालपासून काही खाल्लं नाहीये."

मी कागद उघडला. पहाटे चारपासून ९.५२पर्यंत सगळं होतं. चहा होता, आकडे होते, सेफ्टीपिना मोजून होत्या. खाणं कुठेच नव्हतं. स्वयंपाकघरातून केळं आणलं, त्याच्या चकत्या केल्या, दातकोरणीला टोचून एकेक तिच्या तोंडात, लिपस्टिकला न लागता, थेट जिभेवर. अकरा चकत्या गेल्या. बाराव्या वेळी मांडवातून ओरडा आला की फेटा सापडला.