तुम्ही विचारलंत म्हणून: मी परत हॉटेलात का उतरते

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात, फिरायला गेलात की हॉटेल नको, कुणाचा तरी फ्लॅट चार दिवस भाड्याने घ्या म्हणून. मग आता काय झालं?" इतक्या जणांना तोंडी उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

फ्लॅट वाईट नव्हता हो. विटांची उघडी भिंत, तांब्याच्या शेडचे दिवे, खिडकीखाली कॅफेंची रांग. फोटोत दिवाणखाना जरा ताणून मोठा केलेला, पण ते आता कुणालाही कळतं. पुस्तकं रंगांनुसार लावलेली, एकही कुणी उघडलेलं दिसेना. साफसफाईचे वेगळे पैसे घेऊनही 'निघताना चादरी काढा, कचरा खाली न्या' असा कागद फ्रिजवर होताच. त्याचाही राग नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मालकाचा मेसेज आला होता: इमारतीत कुणी विचारलं तर नातेवाईक आहोत म्हणून सांगा. मी वाचला, हसले, 'बरं' म्हणून कळवलं.

पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. मुलगा खांद्यावर झोपलेला, आणि बॅगेची चाकं प्रत्येक पायरीवर आपटत होती. किल्ली दारापाशी लावलेल्या आकड्यांच्या पेटीत. आकडे बरोबर जुळवले, तरी झाकण उघडेना. मोबाइलचा उजेड, माझी खुडबुड, नवऱ्याचं "अगं हळू". समोरचं दार उघडलं. शाल पांघरलेल्या एक आजी.

"कुणाकडे?"

"मी मालकांची भाची," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मलाच नवल वाटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. "त्याला बहीण नाही," त्या म्हणाल्या. "आणि यंदाची तुम्ही सातवी भाची."

मग पुढे येऊन त्यांनीच पेटी उघडून दिली. आधी खाली दाबायचं, मग ओढायचं. हात असा सरावलेला, जणू त्यांच्याच घराची कडी. "जाताना बॅग उचलून न्या, तेवढं करा." दार बंद.

तीन दिवस मी त्या सुंदर घरात चवड्यांवर चालले. खाली दारापाशी आठ घरांच्या घंट्या होत्या, पाचांवर राहणाऱ्यांचं नाव नव्हतं, नुसते आकडे; म्हणजे तीही आमच्यासारख्या पाहुण्यांचीच. माफी मागायला मी गेले नाही. रोज ठरवायचे, आणि त्यांच्या दारामागे रेडिओ लागला की पुढे सरकायचे.

आधीची मी अजून वाद घालते. इमारत काय तू रिकामी केलीस? हॉटेलात चौघांना दोन खोल्या लागतात. दूध कुठे तापवणार, कपडे कुठे धुणार? खरं आहे. शिवाय नियम करायचे ते सरकारांनी, आणि ती करतातही. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्रींच्या वर अख्खं घर असं द्यायचं तर नियोजन परवानगी लागते. न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमानाने त्याच घरात हजर राहायचं आणि पाहुणे दोनच ठेवायचे. २०२३च्या सप्टेंबरपासून तिथे नोंदणीची सक्तीही लागू झाली. बार्सिलोनाने तर पर्यटकांच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने २०२८पर्यंत संपवायचं २०२४मध्येच जाहीर केलं. मग पाहुण्यांनी कशाला मनाला लावून घ्यायचं?

पण सगळं नियमात असतं तर मालकाला भाच्या कशाला लागल्या असत्या? हे मला मेसेज वाचतानाच कळलं होतं. कळूनच हसले होते.

तेव्हा मला तत्त्वाची बाई समजू नका. खोटं बोलताना पकडले गेले, एवढंच झालं. ते दार उघडलं नसतं तर आजही तुम्हाला त्याच फ्लॅटची लिंक पाठवली असती. घरी आल्यावर पाच तारेही मीच दिले. शेऱ्यात लिहिलं, 'शेजार शांत.'

पुढच्या महिन्यात सासूबाई बरोबर आहेत. त्यांच्या पथ्यामुळे स्वयंपाकघर लागणार, म्हणून एक फ्लॅट बघून ठेवलाय. या वेळी पैसे भरण्याआधी मालकाला परवाना क्रमांक विचारला. दोन दिवस झाले, मेसेज वाचलेला दिसतोय.