लेसरचे हवे-नको असलेले आरसे

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या प्रयोगशाळेत मी इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहक पदार्थाच्या चिपवर लेसर आणि प्रकाशाचे मार्ग एकत्र घडवण्याचे काम करतो. गुहागरला घरी फोन झाला की शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले अप्पाकाका या कामाची अगदी मुळापासून चौकशी करतात. त्यांना सांगता सांगता एक गोष्ट मला अधिक नीट उमगली: अर्धवाहक लेसरमध्ये प्रकाश निर्माण करण्याइतकेच महत्त्व तो कुठून परत फिरावा आणि कुठून फिरू नये, याला असते.

प्रकाश पुन्हा पुन्हा माघारी धाडणारे आरसे नसतील तर बहुतेक लेसर चालतच नाहीत. 1962 मध्ये रॉबर्ट हॉल यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये गॅलियम आर्सेनाइडचा लेसर चालवला, तेव्हा स्फटिकाच्या समोरासमोरच्या बाजू घासूनपुसून चकचकीत केल्या होत्या. आता स्फटिकाच्या पातळ चकतीच्या कडेला हिऱ्याच्या टोकाने बारीक ओरखडा काढून हलका दाब दिला, की बांबू चिरावा तसा स्फटिक आपल्या प्रतलातून सरळ दुभंगतो. त्या ताज्या पृष्ठाला कसलाही मुलामा न देता जवळपास 30 टक्के प्रकाश परत फिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली लेसरच्या पट्टीपाशी एखादी जरी पायरी दिसली, तरी तो तुकडा बाजूला ठेवावा लागतो.

मात्र लेसर, प्रकाशावर संदेश चढवणारा मॉड्युलेटर आणि प्रकाश टिपणारा डिटेक्टर एकाच चिपवर बसवायचे असतील, तर चिप मधोमध फोडता येत नाही. म्हणून प्रकाशाच्या मार्गावरच सुमारे 240 नॅनोमीटर अंतराने खाचा कोरतात. प्रत्येक खाचेतून किंचितसाच प्रकाश परततो, पण 1550 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीसाठी ही सारी परावर्तने एकमेकांत मिळून पुरेसा आरसा तयार होतो. मला हा उपाय फार सुंदर वाटतो, कारण त्यात आरसा आणि तरंगलांबीची निवड ही दोन्ही कामे एकदमच साधतात.

नको असलेल्या आरशाचा विषय काकांनीच काढला. गेल्या गणपतीत माजघरातल्या इंटरनेटच्या पेटीचा हिरवा कनेक्टर दाखवून त्यांनी विचारले, “याचं टोक तिरकं का रे घासलंय?” त्या पेटीतही एक अर्धवाहक लेसर असतो आणि तो 1310 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश फायबरमध्ये सोडतो. टोक 8 अंशांनी तिरके असल्यामुळे तिथून परावर्तित झालेला प्रकाश फायबरच्या गाभ्यातून माघारी न येता बाहेरच्या थरात निघून जातो. लेसरने सोडलेल्या प्रकाशाचा दहा हजारावा भाग जरी परतला, तरी काही लेसरांची लय बिघडू शकते. जोडणी चालू असताना त्या टोकात डोकावू नका, हेही मी त्यांना आवर्जून सांगितले.

सुट्या लेसरपुढे चुंबकीय गार्नेट या स्फटिकाचा आयसोलेटर ठेवता येतो. तो प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देतो. इंडियम फॉस्फाइडवर मात्र गार्नेट सहजासहजी वाढवता येत नाही, आणि एकात्मिक प्रकाशयंत्रणेतली ही अडचण माझ्या मते सर्वांत चिवट आहे. तोवर आम्ही प्रकाशमार्ग चिपच्या कडेला साधारण 7 अंशांनी तिरका नेतो, कडेवर परावर्तनरोधक थर देतो आणि दोन घटकांच्या सांध्यापाशी मार्गाची रुंदी हळूहळू बदलत जातो. सध्या माझा बहुतेक वेळ याच सांध्यांची मोजमापे घेण्यात जातो, कारण चिपवर घटक वाढले की सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा थोडाफार आरसा होऊ पाहतो.